गुप्तहेरांचा स्लो पिक्चर झोप न लागता कसा बघायचा

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं मित्र आमच्या घरी वरच्या खोलीत पिक्चर बघायला बसलो होतो, 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', २०११ चा, गॅरी ओल्डमनचा. आग्रह माझाच होता. गुप्तहेरांचा आहे एवढंच सांगून बसवलं सगळ्यांना आणि तिथंच घोटाळा झाला, कारण गुप्तहेर म्हटलं की पोरांच्या डोक्यात गच्चीवरून उड्या, उलट्यापालट्या गाड्या आणि शेवटी तीन सेकंद उरलेला बॉम्ब. अर्ध्या तासात एकजण घोरायला लागला, दुसरा रील बघत बसला, तिसरा म्हणाला, "काय बे, नुसतं बोलत बसलेत की, मारामारी कधी?" खरं सांगायचं तर मी पण पार हरवलो होतो, कोण कुणाचा साहेब आणि कोण कुणावर खार खाऊन आहे काही कळेना, पण आग्रह आपलाच म्हणून कळाल्यासारखं तोंड करून बसलो.

तेवढ्यात खाली उकडतंय म्हणून मामा वर आले. मामा मिलमध्ये होते, मिल बंद पडून कैक वर्षं झाली, इंग्रजी तारीख आणि सही पुरतं येतं. दहा मिनिटं बघितलं गप बसून आणि म्हणाले, "हा चष्मेवाला बोलत नाय म्हंजे ह्याला समदं ठावं हाय. बोलणाऱ्याकडं नको बघू, ऐकणाऱ्याकडं बघ."

त्यानंतर मी हा पिक्चर चार वेळा बघितला, त्यातला दोनदा मामांबरोबर. आता कुणी नवीन माणूस म्हणाला की असला पिक्चर बघायचाय पण झेपत नाही, तर त्याला जे सांगतो तेच इथं लिहितोय. फितूर कोण ते सांगणार नाही, घाबरू नका.

पायरी १: वेळ, जागा आणि खाणं

१२७ मिनिटांचा पिक्चर आहे, म्हणजे आपल्या हिशोबानं छोटाच. पण रात्री जेवून, दिवा घालवून, गादीवर आडवं पडून बघायचा नाही, वीस मिनिटांत तुम्ही गेलात. सकाळी किंवा संध्याकाळी, बसून. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी बघत असाल तर कूलर हा मोठा दुश्मन आहे, त्याच्या घरघरीत ह्या लोकांचं बोलणं ऐकूच येत नाही, कारण ते ब्रिटिश साहेब लोक आहेत, ओठ न हलवता बोलतात. एकतर हेडफोन लावा नाहीतर कूलर बारीक करून घाम सहन करा, मी हेडफोनवाला.

सबटायटल लावायचेच. इंग्रजी चांगलं असलं तरी लावायचे, त्यात काही कमीपणा नाही, मी मराठी मीडियमचा आहे आणि मला पहिल्या वेळेला निम्मं बोलणं सबटायटलवरच कळालं. मागं घेऊन परत बघायला पण लाजू नका. थेटरात ते जमत नाही, म्हणून असला पिक्चर पहिल्यांदा घरी बघितलेला बरा असं माझं मत आहे.

खाण्याचं सांगतो, हसू नका. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आम्ही घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक घासाला कर्रकन आवाज, नेमकं त्याच वेळेला पडद्यावर कोणीतरी अर्धं वाक्य बोलून गप. तीन वेळा मागं घ्यावं लागलं. चहा घ्या, मऊ काहीतरी खा. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण आपल्याकडच्या सिरियलीत एक गोष्ट तीनदा सांगतात, वरून म्युझिक वाजवून पुन्हा दाखवतात, आणि ह्या पिक्चरमध्ये महत्त्वाची गोष्ट फक्त एकदा येते, ती पण कुणीतरी कोट काढताना सहज बोलल्यासारखी.

पायरी २: बसायच्या आधी एवढं माहीत पाहिजे

काळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा, गाव लंडन. अमेरिका-इंग्लंड एका बाजूला, सोव्हिएत रशिया दुसऱ्या बाजूला, उघड लढाई नाही पण आतून चोवीस तास चालूच, ते शीतयुद्ध. ब्रिटिशांची परदेशात काम करणारी हेरसंस्था म्हणजे एमआय सिक्स, तिला ह्या पिक्चरमध्ये सगळे 'सर्कस' म्हणतात. आमच्या मामींना वाटलं खरीच सर्कस, त्या होम मैदानावरच्या गड्डा जत्रेतले पाळणे डोळ्यासमोर आणून हत्ती कधी येतो म्हणून वाट बघत होत्या. तर सर्कस म्हणजे इथं चौक. कथेतलं ऑफिस लंडनच्या केंब्रिज सर्कस नावाच्या चौकात आहे, म्हणून ऑफिसचंच नाव पडलं सर्कस. आपल्याकडं एखादं ऑफिस सात रस्ता चौकात असलं की लोक "सात रस्त्यावरनं फोन आला होता" म्हणतील, तसंच.

आता गोष्टीचा गाभा. ह्या ऑफिसात अगदी वरच्या पाच-सहा साहेबांपैकी एकजण रशियाचा माणूस आहे, वर्षानुवर्षं. इंग्रजीत त्याला 'मोल' म्हणतात, जमिनीखालनं उकरत जाणारा प्राणी. आपल्याकडं त्याला शब्द शोधायची गरज नाही, फितूर. आपल्या इतिहासात किल्ले तोफांनी पडले त्यापेक्षा फितुरीनं पडल्याच्या गोष्टी आपण जास्त ऐकल्यात, त्यामुळं हा विषय मराठी माणसाला परका वाटायला नको. बहिर्जी नाईकांचं नाव आपण घेतो ते शत्रूच्या गोटात शिरणारा आपला माणूस म्हणून. इथं तेच उलटं आहे, शत्रूचा बहिर्जी आपल्या गोटात बसलाय आणि आपण त्याला पगार, पेन्शन, वर दिवाळी बोनस देतोय.

हे सगळं कल्पनेतलं आहे असं समजू नका. किम फिल्बी नावाचा खरा माणूस होता, जन्म आपल्या अंबाल्याचा, १९१२ चा. केंब्रिजला शिकला, एमआय सिक्समध्ये वरपर्यंत चढला, तिथं रशियन हेरांचा बंदोबस्त करणाऱ्या विभागाचा प्रमुखच झाला आणि हा सगळा वेळ काम करत होता रशियाचं. म्हणजे चोर पकडायच्या खात्याचा साहेबच चोर. त्याचे दोन दोस्त, बर्जेस आणि मॅक्लीन, १९५१ ला पळून गेले, तो स्वतः १९६३ ला बैरुतमधून गायब झाला आणि मॉस्कोला निघाला, तिथंच १९८८ ला मेला. ज्या कादंबरीवर हा पिक्चर आहे ती १९७४ ची, लिहिणारा जॉन ल कॅरे, हे टोपणनाव, खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, आणि हा माणूस स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी करून आलेला. त्यामुळं ह्या हेरांकडं लेझरवाली घड्याळं नाहीत. फायली आहेत, रजिस्टर आहेत, गेटवर सही करून बॅग जमा करायची असते, आणि साहेब लोक एकमेकांच्या खुर्चीवर टपून असतात. ज्यानं कुठल्याही सरकारी किंवा सहकारी ऑफिसात सहा महिने काढलेत त्याला हे जग लगेच ओळखीचं वाटेल, माझी पैज.

पायरी ३: एक कागद घ्या आणि नावं लिहा

ही पायरी लोक टाळतात आणि म्हणूनच हरवतात. कॅरॅक्टर भरपूर, सगळे कोटवाले, सगळे पन्नाशीचे, निम्म्यांना आडनावानं हाक मारतात निम्म्यांना पहिल्या नावानं. कागदावर मध्यभागी जॉर्ज स्मायली लिहा, तो आपला माणूस, चष्मेवाला, ओल्डमन. वर कंट्रोल लिहा, जुना म्हातारा साहेब, जॉन हर्ट. कंट्रोलला संशय आलेला असतो की घरात फितूर आहे, तो एक माणूस बुडापेस्टला पाठवतो, तिथं सगळं फिस्कटतं, आणि त्या भानगडीत कंट्रोल आणि स्मायली दोघांनाही घरी बसवतात. थोड्याच दिवसांत कंट्रोल मरतो.

मग खाली एका ओळीत चार नावं. पर्सी अलेलाइन, बुटका, नवीन साहेब, टोबी जोन्स. बिल हेडन, देखणा, बोलघेवडा, कॉलिन फर्थ. रॉय ब्लँड, धिप्पाड, किअरन हाइंड्स. टोबी एस्टरहेज, बो टाय लावणारा, डेव्हिड डेन्सिक. आता गंमत अशी की एकाचं नाव टोबी आणि दुसऱ्या रोलमधला नटही टोबी, पहिल्यांदा माझा तिथंच गोंधळ झाला. कंट्रोलनं ह्यांना टोपणनावं दिलेली असतात, टिंकर, टेलर, सोल्जर वगैरे, बुद्धिबळाच्या सोंगट्यांवर फोटो चिकटवलेले. ती नावं इंग्रजी पोरांच्या एका जुन्या गाण्यातली आहेत, आपल्याकडं अरिंग मिरिंग म्हणत बोटं मोजतात आणि शेवटी राज्य कुणावर येतं ते बघतात, तसल्या जातीचं. म्हणजे पिक्चरचं नाव हेच एक कोडं, राज्य कुणावर? आणि त्या सोंगट्यांत एक फोटो स्मायलीचा पण असतो, ते विसरू नका.

बाजूला अजून तीन नावं लिहा. पीटर ग्वीलम, स्मायलीचा तरुण मदतनीस, बेनेडिक्ट कम्बरबॅच. रिकी टार, टॉम हार्डी, हा इस्तंबूलची एक कहाणी घेऊन येतो. जिम प्रिडो, मार्क स्ट्राँग, बुडापेस्टला गेलेला. आणि कागदाच्या अगदी तळाला कार्ला. हा रशियाचा म्होरक्या. त्याच्यापुढं नटाचं नाव लिहायची जागा मोकळीच सोडा, का ते पुढं सांगतो.

पायरी ४: पहिल्या वीस मिनिटांत काय करायचं

काहीच समजून घ्यायचं नाही. खरंच. कागद बाजूला ठेवा, फक्त बघा. बुडापेस्टच्या हॉटेलात टेबलावर दोघं बोलत बसलेत आणि कॅमेरा वेटरकडं. वेटरच्या कपाळावरचा घाम टपकन टेबलावर पडतो. आपण सोलापूरकर, आपल्याला घामाचं काय कौतुक, पण मामा तिथंच सरळ होऊन बसले, म्हणाले, "त्यो वेटर नाय." बस, हाच पिक्चर आहे. कुणी ओरडून सांगणार नाही की सापळा आहे, घामाचा एक थेंब सांगतो.

आणि ह्या सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत स्मायली, म्हणजे हिरो, एक शब्द बोलत नाही. ऑफिसातून बाहेर पडतो, चालतो, पोहायला जातो ते पण चष्मा घालून, घरी एकटा बसतो. हिरोला एवढा वेळ तोंड न उघडायला लावणारा डायरेक्टर एकतर वेडा असतो नाहीतर त्याला नक्की माहीत असतं की आपण काय करतोय. टोमास आल्फ्रेडसन हा स्वीडनचा माणूस, बाहेरून येऊन त्यानं ब्रिटिशांचं हे गप्प राहणं बरोबर पकडलं. ओल्डमनला आयुष्यातलं पहिलं ऑस्कर नॉमिनेशन ह्याच रोलला मिळालं. त्याआधी इतकी वर्षं तो पडद्यावर बोंबलत, रक्त काढत होता, तेव्हा नाही मिळालं, गप्प बसला तेव्हा मिळालं.

पायरी ५: चष्म्याची खूण

ही एक युक्ती कळाली तर अर्धा गोंधळ मिटतो. पिक्चर सारखा मागं-पुढं जातो, आणि खाली 'दोन वर्षांपूर्वी' वगैरे पाटी येत नाही. सुरुवातीलाच स्मायली चष्म्याच्या दुकानात जाऊन नवीन चष्मा घेतो, मोठ्या जाड फ्रेमचा. तर तो चष्मा दिसला की आत्ताचं चाललंय, जुना दिसला की मागचं. मला हे तिसऱ्या वेळेला कळालं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

अजून एक खूण, ऑफिसातली ख्रिसमसची पार्टी. ती तुकड्या-तुकड्यानं परत परत येते. सगळे दारू पिऊन झिंगलेत, कुणीतरी लेनिनचा मुखवटा लावून सांताक्लॉज झालाय आणि ब्रिटिश हेरखात्याची सगळी मंडळी चेष्टेत सोव्हिएत रशियाचं राष्ट्रगीत म्हणतायत. त्या गर्दीत खुद्द ल कॅरे पण एका क्षणासाठी दिसतो. पहिल्यांदा वाटतं ही फक्त मजा आहे. ती पार्टी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा कोण कुणाकडं बघतंय तेवढंच बघा, गाणं ऐकू नका.

पायरी ६: बोलणं कसं बघायचं

लोकांची तक्रार असते की नुसतं बोलणंच आहे. आता मला सांगा, तुम्ही कधी लग्नाच्या याद्यांच्या बैठकीला बसलात का? दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर, पोहे झालेत, चहा झालाय, आणि बोलणं चाललंय पावसाचं, ज्वारीच्या भावाचं, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनचं. वरवर काहीच चाललेलं नाही, पण त्या खोलीत प्रत्येकाच्या पोटात गोळा आलेला असतो, कारण आता कोणीतरी हळूच विषय काढणार, मुलीचा काका घसा खाकरणार, मुलाचा बाप छताकडं बघणार, आणि जो सगळ्यात गप्प बसलेला म्हातारा कोपऱ्यात आहे शेवटी त्याच्याच शब्दावर गाडी अडणार किंवा सुटणार. आपण हे लहानपणापासून बघतो आणि आपल्याला ते अजिबात स्लो वाटत नाही, वर घरी आल्यावर दोन तास त्याच्यावर चर्चा करतो, "ते असं का म्हणाले, तेव्हा मामी का उठून आत गेल्या." ह्या पिक्चरमध्ये पण तेच करायचं. सर्कसमध्ये साहेबांची एक मीटिंगची खोली आहे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आतून केशरी रंगाच्या पॅडिंगनं मढवलेली. तिथं जे चालतं ते याद्याच आहेत, फक्त हुंडा म्हणून देशाची गुपितं.

मामांना हे सगळं इतक्या लवकर का कळालं ते मी त्यांना नंतर विचारलं. तर म्हणाले, आमच्या युनियनच्या कमिटीत पण असलाच एक होता. कमिटीत सातजण, आणि ठरलेलं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरच्या टेबलावर. मग ह्यांनी काय केलं, गेट मीटिंगची वेळ प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली, एकाला सकाळच्या पाळीला, एकाला दुपारच्या, एकाला रात्रीच्या. आणि कुठल्या वेळेला गेटवर जास्तीचे वॉचमन उभे राहतात ते बघत बसले समोरच्या टपरीवर चहा पीत. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण गुप्तहेर खात्यात ही युक्ती खरोखर वापरतात, प्रत्येक संशयिताला वेगळी माहिती द्यायची आणि कुठली माहिती पलीकडं निघते त्याच्यावर नजर ठेवायची. स्मायलीचा सापळा हुबेहूब असा नाही, पण नात्यातलाच. तो पण शेवटी काहीतरी हलवतो आणि अंधारात बसून वाट बघतो, कोण धावत येतंय.

मी विचारलं, मग कोण निघाला? मामांनी नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "माझ्याच डब्यातलं खायचा रं." आणि आत गेले. मला तेव्हा पिक्चरचं सगळ्यात मोठं दुखणं कळालं, फितूर सापडतो तेव्हा आनंद होत नाही कुणालाच, कारण तो कुणाच्या तरी डब्यातलं खाणारा असतो.

आता माझा सगळ्यात आवडता सीन. हॉटेलची खोली, रात्र, स्मायली थोडी घेतलेला, समोर ग्वीलम. स्मायली सांगतो की आपण कार्लाला एकदा प्रत्यक्ष भेटलो होतो, १९५५ च्या सुमाराला. कादंबरीत ही भेट दिल्लीच्या जेलात होते, उकाड्यानं जीव नकोसा झालेला असताना, आणि ते मला फार पटतं, त्या उन्हात कुणीही चुका करेल. दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये इथं फ्लॅशबॅक आला असता, पंखा गरगर फिरतोय, जेलर चाव्या वाजवतोय, वगैरे. इथं काय होतं? स्मायली समोरची रिकामी खुर्ची जवळ घेतो आणि त्या खुर्चीशी बोलायला लागतो, जणू कार्ला तिथं बसलाय. पलीकडं फितूर व्हायला त्याला कसं समजावलं, बायकोचं नाव काढून कसं वळवायला बघितलं, आणि बोलता बोलता स्वतःच्याच बायकोबद्दल कसं जास्त बोलून गेलो. तो माणूस एक अक्षर बोलला नाही, आणि जाताना ह्याचा लायटर घेऊन गेला, बायकोनं भेट दिलेला, त्याच्यावर तिचा मजकूर कोरलेला. ग्वीलम विचारतो, दिसायला कसा होता? स्मायली म्हणतो, आठवत नाही. संपूर्ण सीनमध्ये एक म्हातारा आणि एक खुर्ची. मी पहिल्या वेळेला इथं मोबाईल बघत होतो, काय सांगू.

आणि म्हणून कार्लापुढं नटाचं नाव मोकळं सोडायला सांगितलं, त्याचा चेहरा अख्ख्या पिक्चरमध्ये दाखवलेलाच नाही. तसाच स्मायलीच्या बायकोचा, अ‍ॅनचा चेहरा पण नीट दिसत नाही, पाठ दिसते, खांदा दिसतो. ज्या दोन माणसांनी ह्या माणसाचं आयुष्य खाल्लं ती दोन्ही माणसं आपल्याला बघायलाच मिळत नाहीत. हे ज्यानं कुणी ठरवलं त्याच्या पाया पडावं.

छोटी सूचना, गाडीतला मधमाशीचा सीन चुकवू नका. तिघं गाडीत, मधमाशी शिरते, दोघं हात मारतात, स्मायली तिची वाट बघतो आणि जवळ आल्यावर नुसती काच खाली करतो. संपला सीन. हिरोची एंट्री म्हणतात ती ही.

पायरी ७: जिथं पिक्चर चुकतो तिथं चुकतो म्हणायचं

असले पिक्चर आवडतात म्हणणाऱ्यांत एक खोड असते, सगळंच भारी म्हणायचं, आणि ज्याला नाही आवडलं त्याला अक्कल नाही म्हणायचं. मला तसं करायचं नाही. ह्या पिक्चरचा मोठा दोष असा आहे की चार संशयित म्हणता म्हणता चौघांना सारखी जागा दिलेली नाही. रॉय ब्लँडच्या वाट्याला इतकं कमी आलंय की हाइंड्ससारखा नट घेऊन त्याला नुसतं उभं केलंय, आणि हुशार प्रेक्षक मग अंदाज कथेवरून बांधत नाही, कुठला नट किती मोठा त्याच्यावरून बांधतो. जाडजूड कादंबरी दोन तासांत कोंबली की हे होणारच. बाईमाणसांना पण फार जागा नाही, नोकरीवरून काढलेली कॉनी सॅक्स येते, केथी बर्कनं केलेली, तिचा एकच मोठा सीन आहे पण तो संपूच नये असं वाटतं.

आणि रंग. सगळं तपकिरी, राखाडी, सिगारेटच्या धुरातलं. काहींना त्यानंच मरगळ येते. मला मात्र ते मामांच्या मिलच्या ऑफिसच्या जुन्या फोटोसारखं वाटतं, तीच लाकडी कपाटं, तेच फायलींचे गठ्ठे, त्यामुळं मी त्याबाबतीत न्याय देऊ शकत नाही, सोडा.

पायरी ८: दुसऱ्यांदा

आठवडाभरानं परत बघा, लगेच नको. पहिल्या वेळेला कोण हे शोधत होता, आता तुम्हाला कोण ते माहीत आहे, तर फक्त त्याच्याकडं बघत बसा, तो बोलत नसताना सुद्धा. आणि ग्वीलमकडं बघा, एका रात्री घरी एकटा बसून रडतो तो, मिनिटभराचा सीन, पहिल्यांदा मी समजलो भीतीनं रडतोय, तसं नाही ते.

हे जमलं, आवडलं, तर पुढं १९७९ ची बीबीसीची सिरियल आहे ह्याच कादंबरीवर, सात भागांची, अ‍ॅलेक गिनेस स्मायली. ती ह्याच्यापेक्षा पण हळू चालते, पण तिथं चौघा संशयितांना पुरेशी जागा मिळते, जो दोष मी वर सांगितला तो तिथं नाही. आणि वेगळं काही पाहिजे असेल तर 'द लाइव्हज ऑफ अदर्स', जर्मन, २००६ चा, दुसऱ्याच्या घरातलं बोलणं दिवसरात्र हेडफोन लावून ऐकणाऱ्या एका सरकारी माणसाचा. ज्यांना स्मायलीचं गप्प बसणं आवडलं त्यांना तो नक्की आवडेल. मारामारी तिथं पण नाही, आधीच सांगून ठेवतो, नंतर मला "काय बे" म्हणू नका.

एक राहिलंच. मामांबरोबर पहिल्यांदा अख्खा पिक्चर बघताना मी त्यांना तो नावांचा कागद दिला होता, मराठीत लिहून. निम्म्या पिक्चरला त्यांनी पेन मागितलं, एका नावाखाली रेघ मारली, कागदाची चौघडी केली आणि चटणीच्या डब्याखाली ठेवून दिली. पिक्चर संपल्यावर उघडून बघितलं तर बरोबर. कसं ओळखलं म्हणून विचारलं तर त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही, कारण लिहिलं तर तुमचा पिक्चर वाया. बघून झाल्यावर या, मामा रोज संध्याकाळी कट्ट्यावरच असतात.